वाडा म्हणजे काय

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी वडील शहरात, औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर आले. पायात वहाणा नव्हत्या. "मेंढरं मरायलीत, पोरी," एवढंच म्हणाले.

पाचोडच्या अलीकडं एका रानात आमचा कळप बसला होता. नाकं वाहत होती, हगवण लागली होती. चार दिवसांत चाळीस गेली. तिथल्या दवाखान्यात औषध नव्हतं, म्हणून आम्ही शहरातल्या पशुसंवर्धनाच्या मोठ्या कचेरीत गेलो. कारकुनानं अर्ज पुढं सरकवला. त्यात 'प्रक्षेत्राचा पत्ता' असा रकाना होता.

"प्रक्षेत्र म्हंजी?" वडिलांनी विचारलं.

"फार्म हो. जनावरं कुठं ठेवता?"

"वाड्यावर."

"वाडा आहे तुमचा? मग डॉक्टर घरी बोलवा की!"

"व्हय साहेब, वाडा हाय. आज तिथं हाय, उद्या पुढं जाईल."

कचेरीतले सगळे हसले. मी सांगितलं, खुंट्या ठोकून भोवती जाळी बांधतो, आत मेंढरं कोंडतो, त्याला आम्ही वाडा म्हणतो. कारकून म्हणाला, "हे कुठं लिहिलंय?"

वडिलांना पायरीवर बसवून मी कॉलेजच्या ग्रंथालयात पळाले. जुन्या कोशात सापडलं: मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरून वाडा. म्हणजे आमचाच अर्थ मुळाच्या जवळचा होता. वहीच्या पानावर उतरवून ते अर्जाला टाचलं. आतल्या साहेबांनी दोनदा वाचलं. "पोरगी बरोबर आहे," म्हणाले. मग विचारलं, "पण जमिनीचा गट नंबर?"

रान दुसऱ्याचं. मालक पुण्याला.

मी साहेबांचे पाय धरले. आजही ते आठवलं की अंग आक्रसतं. त्यांनी पाय मागं घेतले, पण चिठ्ठी लिहून दिली. डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले. तोवर जाळीत चौदा मेंढरं उरली होती आणि बाहेर आई खड्डा खणत होती. डॉक्टरांनी आधी तिच्या हातातली कुदळ घेतली.

ती चौदा वडिलांनी काकांच्या कळपात सोडली आणि बजाजनगरला एका कारखान्याच्या गेटावर राखणीला लागले. सुट्टीच्या दिवशी काकांचा वाडा कुठं उतरलाय ते विचारत हिंडायचे. सापडला की दिवसभर तिथंच बसून राहायचे.