तारखेची कोरी जागा

मी आमच्या गावची रोजगार सेवक. गावात कुणाला सरकारी काम हवं असेल तर त्याचा अर्ज लिहून घ्यायचा, तालुक्याला पाठवायचा, काम निघालं की हजेरी मांडायची. मानधन तुटपुंजं, पण तोरा विचाराल तर तहसीलदाराच्या वरचा. राग तर माझ्या नाकावरच असतो.

पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव दिवाळी झाली की निम्मं रिकामं होतं. माणसं जोडीनं ऊसतोडीला जातात, लेकराबाळांसकट. माझी थोरली चुलत जाऊही दरसाल जायची. देवळाली प्रवरेच्या बाजूला पाच महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, राहायची. त्या वर्षी तिची पोरगी दहावीला होती. दसऱ्याला ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम दारात आला, तर हिनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "यंदा आमी न्हाई येनार. पोरीचं दहावीचं साल हाय." मुकादम म्हणाला, "दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघंल. तवर मन बदललं तर सांगा." गावात दुसरं काम नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीच्या तोंडावर ती नवऱ्याला घेऊन माझ्याकडं काम मागायला आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी नेहमीसारखा अर्ज भरला, तारखेची जागा कोरी ठेवली आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. तशी रीतच होती. माझ्या आधीच्या सेवकानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, तारीख काम मंजूर झाल्यावर टाकायची. कारण अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर सरकारला बेकारी भत्ता द्यावा लागतो. पहिला महिनाभर मजुरीचा चौथा हिस्सा, पुढं निम्मा. तारीखच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? कुणी विचारतही नव्हतं. आपल्याच माणसाकडं पोच मागणं म्हणजे त्याला चोर ठरवणं, असं आमच्याकडं मानतात.

जाऊबाईनं अंगठा पुढं केलाच नाही. "आदी तारीख टाक. आन् मला पोच दे."

माझं डोकंच फिरलं. "बाई, माझ्यावर इस्वास न्हाई का तुमचा?"

"तुझ्यावर हाय गं. पन तालुक्याचा सायेब काय माझा दीर लागतो का?"

तिला अक्षरओळख नाही. पण जॉबकार्डाच्या मागच्या पानांवर मजुराचे हक्क छापलेले असतात, ते पोरीनं मागल्या हंगामात कोपीत तिला वाचून दाखवले होते. एकदा नाही, पाठ होईस्तोवर. माझ्यापुढं बसून तिनं ते घडाघडा म्हणून दाखवले. काम दिल्यावर जो जाणार नाही त्याचा भत्ता बुडतो, हेही तिनंच मला सांगितलं. पाच वर्षं त्या खुर्चीवर बसून मी ती पानं एकदाही नीट वाचली नव्हती. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. मी फणकाऱ्यानं तारीख टाकली, सही ठोकली आणि पोच तिच्या हातात दिली.

पंधरा दिवस गेले, काम निघालं नाही. थोरले दीर, म्हणजे तिचा नवरा, चुळबुळ करायला लागले. त्यांची तरी काय चूक? चार दिवसांनी ट्रॅक्टर निघणार होता, तोही हातचा गेला तर खायचं काय? सोळाव्या दिवशी सकाळी जाऊबाई दारात उभी. "चल पाथर्डीला. भत्त्याचा अर्ज देऊ."

जीपमध्ये मी वाटभर एकच घोकत होते, तारीख चुकून पडली म्हणायचं. नोकरी जायची भीती होती मला, खोटं कशाला बोलू? तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी काम मागितल्याचा पुरावा मागितला. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून पोच काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "ही तारीख तुम्ही टाकलीत?"

जाऊबाई शेजारी ताठ उभी होती. हात जोडले नव्हते, गयावया नव्हती. रेशनच्या रांगेत नंबर लागल्यावर माणूस उभं राहतं, तशी. तिच्याकडं बघितलं आणि घोकलेलं सगळं विसरले.

"व्हय साहेब. मीच टाकली. खरी हाय."

साहेबांनी पोच उलटसुलट करून पाहिली. भत्ता द्यायचा तर काम का दिलं नाही, याचा खुलासा त्यांना वर लिहून द्यावा लागणार होता. मग त्यांनी दोन फोन केले. रस्त्याकडेच्या झाडांसाठी खड्डे खोदायचं काम तीन दिवसांत सुरू होईल म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास सोडला, तर ही म्हणते, "बरं झालं. आन् मधल्या तीन दिसांचा भत्ता?" साहेबांनी निमूट अर्ज घेतला, आणि त्याचीही पोच दिली. अशी बाई मी जन्मात पाहिली नाही. तिथंच तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी पडले नाही. माझा स्वभाव आडवा आला.

काम सुरू झालं त्या दिवशी सकाळीच गावातून ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि शाळेतली नऊ पोरं. जाऊबाईनं टिकाव टेकवून एकदा तिकडं पाहिलं आणि पुन्हा खणायला लागली. पोरगी तेव्हा शाळेत होती. दिवाळीनंतर वर्गात बसायची तिची ती पहिलीच वेळ.