दर्याकडचं दार

आठवी ते बारावी अशी पाच वर्षं मी आत्याच्या घरी काढली. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथली शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर किनाऱ्यावरच्या बहिणीकडे ठेवायचं असं वडिलांनी ठरवलं आणि जूनमधल्या एका सकाळी एसटीने मला तिच्याकडे आणून सोडलं. ते चहा घ्यायलाही थांबले नाहीत. त्यांना दुपारी कामावर हजर व्हायचं होतं. आत्याने माझी पिशवी उचलली, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "दिसतोस बोंबलासारका. शिकशील तवा शिकशील, आधी जेव."

तिचं घर गावाच्या पहिल्या रांगेत होतं. पहिली रांग म्हणजे पुढे सुरूची चार झाडं, मग वाळू, मग दर्या. घराला दोन दारं. पुढचं दर्याकडे, मागचं माडांच्या वाडीकडे आणि रस्त्याकडे. तिचे यजमान मी येण्याआधीच वारले होते. ती बाजारात मासळी विकायची आणि मुलाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, शिकवायची. त्यात माझी भर पडली, पण तिने ती कधी बोलून दाखवली नाही.

त्या रांगेत एक रीत होती. मेच्या शेवटी रोहिणी नक्षत्र लागलं, वारा फिरला, की दर्याकडचं दार बंद करायचं. खाऱ्या हवेने आतल्या कड्या कुजलेल्या असत. वाऱ्याचा एक धक्का बसला की दार उघडून पाणी थेट माजघरात. त्यामुळे दाराला बाहेरून कुलूप लावत. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत सगळा वावर मागच्या दाराने. सगळ्या रांगेत असंच. पावसाळ्यात दर्याकडून बघणाऱ्याला वाटावं, गाव सोडून गेलंय.

आमच्या घरात ते कुलूप लावायचं काम माझं होतं. आत्या आतून पाठ लावून दार रेटायची, मी बाहेरून चावी फिरवायचो. चावी अडायची, आणि आतून आवाज यायचा, "फिरव रं जोरानं! हात हाय का माडाची झावळी?" कुलूप लागलं की मी घराला वळसा घालून माडांमधून पळत मागच्या दारी जायचो. ती तोवर तिथे येऊन उभी असायची आणि मला बघून दरवर्षी तोच विनोद करायची. "कोन पायजे? घरात कोनी न्हाय. दाराला कुलूप हाय, दिसत न्हाय का?" दरवर्षी आम्ही दोघंही हसायचो.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. निकाल कळला त्या दिवशी आत्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला वाट्यावर दोन बोंबील जास्त घालत होती, असं मला नंतर तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईने सांगितलं. मी पुढे शिकलो, शहरात राहिलो, आणि काही वर्षांनी तालुक्याच्या ठिकाणी आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावर कंत्राटी म्हणून लागलो. ज्यांनी माझ्यासारख्याला शिकवलं त्या माणसांच्या उपयोगी पडायची संधी मिळाली, असं मला मनापासून वाटत होतं. अजूनही वाटतं.

किनाऱ्यावरच्या गावांचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. वादळाचा इशारा आला तर कोणाला कुठे हलवायचं, म्हातारी माणसं कुठल्या घरात, होड्या कोण ओढणार, शाळेच्या खोल्यांच्या चाव्या कोणाकडे. मी खूप मेहनत केली. त्यात घरं तपासायची एक पद्धत मी स्वतः बसवली होती आणि तिचा मला अभिमान होता. आदल्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून गावात सांगायचं. संध्याकाळी दोघांनी एकेक रांग घ्यायची. पुढच्या दारावरची घर क्रमांकाची पाटी बघायची. माणसं असतील तर बाहेर काढायची. कुलूप असेल तर खडूने फुली मारायची आणि पुढे जायचं.

आत्याच्या गावातली बैठक मेच्या अखेरीस झाली, तिथल्या शाळेत. जबाबदारीवर नेमलेले दोन शिक्षक होते, दोघंही घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, कुलूप असलं तरी हाका मारायच्या का?"

"नको," मी म्हणालो. "कुलूप म्हणजे घर रिकामं. वेळ घालवू नका."

शेवटच्या बाकावर बायकांमध्ये आत्या बसली होती. नवं लुगडं नेसून आली होती आणि माझ्याकडे बघत होती. बैठक संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "कोलंबीचं कालवन केलंय. चल."

मला पुढच्या गावात बैठक होती, आणि बाहेर जीप उभी होती. मी म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की."

"सायेब झालास," ती म्हणाली. रागावून नव्हे. उलट कौतुकानेच. मी जीपमध्ये बसलो. तिच्या घरी गेलो असतो तर मागच्या दाराने आत शिरलो असतो आणि सगळं आठवलं असतं. रोहिण्या लागल्या होत्या. दर्याकडची दारं तेव्हाच बंद झाली होती.

आठवडा गेला नाही तोच इशारा आला. मांडव्याच्या बोटी बंद झाल्या, मासेमारी थांबली, आमच्या नियंत्रण कक्षात तीन फोन सतत वाजू लागले. गावाचे पोलीस पाटील दिवसभर खाडीत होड्या बांधून घेत होते. संध्याकाळी शिक्षकांचा निरोप आला. पहिली रांग पूर्ण रिकामी, सगळ्या दारांवर फुल्या. मी नकाशावर त्या रांगेपुढे हिरवी खूण केली. आत्याला फोन लावला तर तो बंद होता. तिचा फोन नेहमीच बंद असायचा. ती शाळेत पोचली असणार, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा वाढत असताना पोलीस पाटलांचा फोन आला. माझ्या लहानपणी हेच गृहस्थ मला वाळूवर क्रिकेट खेळू द्यायचे नाहीत. आता मला साहेब म्हणण्यात त्यांना मजा वाटायची.

"सायेब, शाळेत मानसं मोजली. पहिल्या रांगेतली लई कमी हायत."

"नातेवाइकांकडे गेली असतील."

"तुमची आत्या कुटं गेली असल? हितं जवळचे तिचे नातेवाईक तुम्हीच."

"ती नाही तिथे?"

"न्हाय ना. म्हनून तर इचारतो."

"पण दाराला कुलूप होतं," मी म्हणालो. "फुली मारलीय."

पलीकडून त्यांनी हळू विचारलं, "कुटल्या दाराला?"

मला माझाच हात दिसला, चावी फिरवणारा. त्या रांगेत पावसाळ्यात कुलूप म्हणजे काय हे तालुक्यातल्या त्या कार्यालयात फक्त मला ठाऊक होतं, आणि मीच ते विसरून गेलो होतो. घाटावरून आलेल्या दोन शिक्षकांनी मी सांगितलं तेच अगदी मन लावून केलं होतं.

"मागच्या दारी जा," मी ओरडलो. "सगळ्यांच्या मागच्या दारी. आत्ता."

"निघालो," ते म्हणाले. "तुम्ही तिकडं कागद सांभाळा."

त्यानंतर अर्ध्या तासात मोबाईलचे टॉवर गेले. दिवसभर मी इतर गावांची कामं करत राहिलो. कुठे पत्रे उडाले, कुठे रस्त्यावर झाडं पडली, कुठे गरोदर बाईला हलवायचं होतं. सगळं नोंदवत होतो, माणसं पाठवत होतो, आणि दर पाच मिनिटांनी तोच नंबर लावत होतो. लोक मला विचारत होते, जेवलास का. कालवणाचं भांडं झाकून ठेवून ती त्या दिवशी बैठकीला आली असेल, हेच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं.

रस्ता दुसऱ्या दिवशी मोकळा झाला, तोही आडवी झाडं कापत कापत. मी आधी घराकडे गेलो. कौलं राहिली नव्हती. वाडीतला एक माड स्वयंपाकघरावर आडवा पडून चुलीपर्यंत आला होता. दर्याकडचं दार मात्र जागच्या जागी होतं, कुलपासकट, आणि पावसाने पुसट झालेल्या फुलीसकट. तसाच शाळेकडे धावलो.

ती वर्गात भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात काळा चहा. मला बघून म्हणाली, "आलास? फटफटी घेयाची व्हती, जीप हळू चालते."

मी तिच्या पायाशी बसलो आणि रडलो. वर्गातल्या बायका बघत होत्या, त्याचंही मला काही वाटलं नाही.

"रडतोस कशाला? मी हाय ना. पाटलानं पाठीवर घेऊन आनली मला. आयुष्यभर माज्याकडनं फुकट मासळी नेली, ती फेडली."

"आयकतोय मी," दारातून पाटील म्हणाले.

पाटलांनी सांगितलं ते असं. आत्याने शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यालाही आपल्या घरी बोलावलं होतं. तिघं स्वयंपाकघरात बसली होती. त्यांना बाहेर काढून रस्त्यावरच्या चिंचेच्या झाडापर्यंत आणलं आणि मागे माड पडल्याचा आवाज झाला. बाकीच्या घरांतूनही अशीच माणसं निघाली. सगळी वाचली.

"भोंगा ऐकला नाहीस?" मी विचारलं.

"आयकला की. वाटलं, कोनी तरी बोलवाया येल. मानसं फिरताना आवाज आला, पन ती दर्याकडनंच गेली. मागल्या दारी आलंच न्हाय कोनी. मंग म्हनलं, आपल्याला ऱ्हायला सांगितलं असल."

"पण बैठकीत मी सांगत होतो ना, कुलपाचं. तेव्हा बोलायचं होतंस."

ती चहाकडे बघत राहिली. "मी कुटं आयकत व्हते रं? मी तुलाच बघत व्हते."

त्यानंतर मी आराखडा बदलला. आता आमच्या तालुक्यात प्रत्येक घराच्या मागच्या दारी जाऊन नावाने हाक मारतात आणि उत्तर आलं नाही तर आत डोकावून बघतात. नव्या लोकांना शिकवताना मी माझी चूक पहिल्यांदा सांगतो. शिकवणं सोपं जातं. सांगणं अजून जात नाही.

आतेभाऊ न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरीला आहे. वादळानंतर चार दिवसांनी तो आला आणि आईला उलव्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. पाऊस संपेपर्यंत, असं ठरलं होतं. पाऊस संपला. घराला छप्पर घालायचं लांबत गेलं. रांगेतल्या आणखी दोन घरांतली माणसंही मुलांकडे गेली. मला तिला एक दिवस घराबाहेर काढायचं होतं. ती बाहेर पडली ती परत गेलीच नाही. पाचव्या मजल्यावर तिच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते, आणि त्या इमारतीच्या मागे खाडी आहे, असं तिला सांगितलेलं आहे.

मी महिन्यातून एकदा जातो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. तिने सुरमईचा तुकडा वाढला, तोही मॉलमधला. स्वतःच म्हणाली, "बर्फातला हाय. मेल्यावर बारा दिसांनी कापलेला." मग समोर बसली.

"पोरगा म्हनतो, तितं धोका हाय," ती म्हणाली. "मी म्हनलं, तुला काय ठावं? आपल्यात त्याचं शिकलेला एकच हाय. तू सांग त्याला. तुजं तो आयकल. सांग, आईला जाऊ दे, कौलं टाकून दे, धोका न्हाय."

मी हातातला घास ताटात ठेवला. पहिली रांग नव्या नकाशावर लाल रंगात आहे. तो रंग मीच भरलाय. सुरूची चारपैकी तीन झाडं गेली, वाळू दरवर्षी खचते, उधाणाचं पाणी आता ओट्याला लागतं. माझ्यासमोर बसली होती ती आत्या नसती, दुसरी कोणी म्हातारी असती, तर मी हे सगळं नीट समजावून सांगितलं असतं. पाच वर्षं तिच्या हातचं खाल्लं, त्या शिक्षणाने मला तिच्याशी खोटं बोलता येऊ नये, एवढंच दिलं होतं.

"धोका आहे, आत्या," मी म्हणालो.

ती रागावली नाही. तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. "व्हय," ती म्हणाली. "मला बी दिसत व्हतं, पानी कुटवर येतंय ते. मला वाटलं, तू खोटं बोलशील माज्यासाटी."

मग तिने विचारलं, "ऱ्हायला नको. नुसतं बसून येयाला तरी नेशील? सकाळी जाऊन सांजंला परत. ओहोटी आसल तवा."

"नेतो."

"आज तिथी काय हाय? हितं काय कळत न्हाय मला."

"प्रतिपदा," मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगितलं. "गुरुवार आहे. मला रविवारी सुट्टी." आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायला मोबाईल काढला. किनाऱ्यावरच्या बायकांना ते लागत नाही, त्या तिथीवरून काढतात. समोर आत्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागली होती. ओठ हलत होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"रविवारी चतुर्थी," ती म्हणाली. "नवाच्या सुमाराला पानी खाली गेलेलं आसल. साताला निगू."

माझ्या मोबाईलवर पान अजून उघडत होतं.