टांगेवाल्याच्या गोष्टीचा शेवट

पोथी कोठे मिटावी, याचा नियम मी वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. वियोग, शाप किंवा मृत्यू यांपाशी वाचन थांबवू नये; थोडे पुढे जावे, कोणी कोणास भेटले, कोणाचे कल्याण झाले, अशी जागा पाहावी आणि मगच पोथी रुमालात बांधावी. हा नियम एका चावट कादंबरीला लावण्याची वेळ माझ्यावर येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी बारामतीच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि चातुर्मासात दर रविवारी सणसरला पुराण सांगण्यास जात असे. पत्नीला दिवस गेले होते. त्याआधी दोनदा आमची आशा अर्ध्यावरच संपली होती. म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला निजून राहण्याची आज्ञा केली होती. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या. आढ्याकडे पाहत ती दिवसचे दिवस काढी; हात पोटावर, आणि कान जणू आत लावलेला. शेजारच्या बाईंनी तिला वाचनालयातून एक कादंबरी आणून दिली. उताणे निजून पुस्तक धरताना तिचे हात भरून येत.

"अहो, तुम्हीच वाचा ना," ती म्हणाली.

शाळेतून आलो की दिवेलागणीपर्यंत मी वाचू लागलो. वकिलाची हट्टी मुलगी, आणि ती रोज दिसावी म्हणून टांगेवाल्याचे सोंग घेतलेला एक इंजिनिअर. त्याला घोडा मुळीच आवरत नसे. मुलीला जायचे असे कॉलेजात, घोडा नेई भाजीबाजारात. हसताना पत्नी पोट धरी आणि मी घाबरून वाचन थांबवी. मग एक स्वयंपाकघरातला प्रसंग आला. चुलीवर दूध, दाराला कडी, त्याचे ओठ तिच्या मानेवर, आणि दूध केव्हाच उतू गेलेले. मी थांबलो.

"काय झालं?"

"घशाला कोरड पडली."

"पाणी प्या आणि वाचा. वर्गात मुलांना याहून पुष्कळ शिकवता."

ते खरेच होते. शृंगाराला रसांचा राजा मानणाऱ्या परंपरेत मी वाढलो. पण तेथे चंद्र, चंदन, कमळ यांची झिरझिरीत वस्त्रे असतात. येथे आमचेच पातेले होते, आमचीच चूल. मी पाणी प्यालो आणि वाचले. आनंद झाला, हेही सांगितले पाहिजे. त्या रात्री पत्नी पोटभर जेवली.

पुढे रुसवा झाला. नायक दूरदेशी निघाला, आगगाडी हलली, मुलगी फलाटावर धावत सुटली. मी पान उलटले, तो पुढे पुठ्ठाच. शेवटची पाने कोणी तरी फाडून नेली होती.

"मिटू नका," पत्नी म्हणाली.

"अगं, ही कादंबरी आहे. पोथी नव्हे."

"वाचलीत तर पोथीसारखीच ना? ताटातूट झाली तिथं मिटायची नाही, तुम्हीच सांगता."

पुस्तक खिडकीत पालथे पडून राहिले. तिचे जेवण पुन्हा कमी झाले. दुपारी डोळा लागला असे वाटावे, तो ती विचारी, "गाडी सुटली असेल का हो?" कोणती गाडी, हे मला ठाऊक होते, आणि तिला भीती कोणत्या सुटण्याची आहे, तेही. जप करताना माझी बोटे मण्यांवरून फिरत आणि मन फलाटावरून. वाचनालयात गेलो. तेथले गृहस्थ म्हणाले, "शास्त्रीबुवा, चांगली पानं लोक घरी ठेवून घेतात. दुसरी प्रत इंदापूरला आहे म्हणतात."

रविवारी पुराणात माझे चित्त लागेना. एक ओवी दोनदा सांगितली, एक गाळली. पुढे बसणारे तात्या, बागाईत भाजीपाला करणारे वृद्ध गृहस्थ, आरती झाल्यावर जवळ आले.

"बुवा, आज तुमी हितं न्हवता. घरी बरं हाय न्हवं?"

मी सारे सांगितले. तात्यांचे डोळे लुकलुकले.

"घोडं बाजारात नेतंय त्येच का? आवं, आमच्या सूनबाईनं इंदापूरवनं आणलं हुतं की! बाया मेथीच्या जुड्या बांधत ऐकत हुत्या. मी बी ऐकलं, भिंतीआडनं."

पुस्तक परत गेले होते. पण सून घरी होती. तात्यांच्या ओसरीवर मेथीचा ढीग, भोवती बायका. सून डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराआडून बोलू लागली.

"गाडी सुटली, बुवा. पन त्ये घोडं रुळावर जाऊन हुबं ऱ्हायलं. हटंचना! गाडी थांबली. त्यो उतारला. ती पळत आली. आन मग..."

"मग?"

बायकांत खसखस पिकली.

"मग न्हाय सांगता यायचं."

"सांग की," तात्या म्हणाले, "मी जातु भाईर."

"तुमचं न्हाय वो, मामंजी. बुवांच्या म्होरं कसं सांगू? पुराण सांगत्यात त्ये!"

कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "ग्वाड हाय समदं, बुवा. घरी जाऊन सांगा, ग्वाड हाय."

आयुष्यभर ज्या आदराने माझे पाय धुतले गेले, तोच आदर त्या दिवशी दारात आडवा उभा होता. एस. टी.त बसलो तरी स्वस्थता नव्हती. "गोड आहे" एवढ्यावर पत्नीचे समाधान झाले नसते. उसाची शेते मागे जात होती आणि मी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होतो. शेजारच्या माणसाला वाटले, स्तोत्र चालले आहे.

घरी येऊन हातपाय धुतले, पुस्तक उचलले आणि पुठ्ठ्याकडे पाहत वाचू लागलो. घोडा रुळावर आला. गाडी थांबली. इंजिनाच्या वाफेने दोघांना झाकून टाकले. "प्राणवल्लभे," तो म्हणाला. आणि वाफ ओसरली तेव्हा तिच्या गालावर, मानेवर, उघड्या पाठीवर त्याच्या काजळलेल्या बोटांचे ठसे होते, आणि सारा फलाट ते न्याहाळीत होता.

पत्नीने तोंडाला पदर लावला. मग तिचे खांदे हलू लागले.

"टांगेवाला प्राणवल्लभे म्हणाला?"

"इंजिनिअर होता. शिकलेला."

"हं." तिने डोळ्यांतले पाणी पुसले. "मिटा आता."

मी पुस्तक मिटले आणि सवयीने पोथीच्या रुमालात बांधले. तिने ताटातला भात संपविला.

दिवाळीनंतर सणसरहून मेथीच्या जुड्या आल्या आणि त्यांच्याखाली सूनबाईंनी इंदापूरहून पुन्हा आणलेली सबंध प्रत. पत्नी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर आमची मुलगी निजली होती. पत्नीने शेवटचे पान वाचले, मागे उलटून पाहिले, पुन्हा वाचले.

"अहो, इथं तर त्यानं नुसता हात धरलाय!"

मी संध्येची पळी-पंचपात्री उगाच जागेवरून हलविली.

"मग सूनबाई लाजल्या कशाला?" मी म्हणालो.

"त्या हातालाच लाजल्या असतील." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवले. "हे परत करा. आपलंच बरं होतं."