इंग्रजीतला बॅनर

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत वह्यावाटप झाले. जमलेले पैसे नऊ हजार. हजर आम्ही समितीचे पाच जण, इथे धुणीभांडी करणाऱ्या बायका आणि त्यांची मुले. मागे बॅनर होता, 'हेल्पिंग द पुअर'. इंग्रजीत लिहा, असे मीच सुचवले होते. मराठीत वाचून त्यांना वाईट वाटले असते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या शोभाताईंची आठवीतली मुलगी बॅनरकडे बघत राहिली.

"काय गं लिहिलंय?" शोभाताईंनी विचारले.

"गरिबांना मदत. म्हणजे आपण."

"मग खोटं काय त्यात? जा, वह्या घे."

"शाळेत बाईंनी शिकवलंय, आई. 'पुअर'च्या आधी 'द' लावला की नावं सांगावी लागत नाहीत, सगळे एकदम येतात. मी नाही जाणार."

तिला नावाने हाक मारावी म्हणून मी वाटपाची यादी पाहिली. माझ्याच अक्षरात तिथे लिहिले होते, 'शोभाची मुलगी'.

द पुअर, द ओल्ड, द सिक. किती सोयीचे शब्द आहेत. एकाच्याही तोंडाकडे बघावे लागत नाही.

वह्या शेवटी शोभाताईंनी सही करून नेल्या. बॅनरचे आठशे रुपये मी बॅनरवाल्याला दिले आणि पावतीवर त्याचे पूर्ण नाव लिहून घेतले.