तिसरी छाटणी

पिंपळगावच्या चौफुलीवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा आई माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. ती उघडू नये म्हणून मी देव पाण्यात घातले होते. आत स्वेटरांच्या तळाशी छाटणीची एक जुनी कात्री होती, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. न्यूझीलंडला द्राक्षशेतीचा डिप्लोमा करायला निघालेल्या मुलीकडे कात्री असण्यात वावगं काय? आमच्या घरात होतं.

"तिथं पॅकहाऊसचं काम धर," नाना, माझे वडील, म्हणाले. "सावलीत बसायचं, पेट्या भरायच्या. कात्रीच्या नादी लागू नको. एक डोळा चुकला तर वर्ष जातं."

डोळा म्हणजे काडीवरचा फुगीर कोंब. कोणत्या डोळ्यात घड दडलाय ते ओळखायचं आणि त्याच्या पुढे कापायचं, ही सगळी विद्या. नानांनी ती मला कधी दिली नाही. मी नाशिकच्या इंग्रजी शाळेत जाणारी, पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी. माझ्या हाताला वही शोभते, असं त्यांचं मत.

विद्या दिली पारूमावशीने. हरसूलकडची ती बाई दरवर्षी आपली टोळी घेऊन आमच्या बागेत छाटणीला यायची. शनिवारी शाळा सुटली की मी बागेच्या पार टोकाच्या ओळीत जायचे.

"आल्या का मॅडम? तुमच्या बुकात हाय का हा डोळा?" ती सगळ्यांदेखत चिडवायची. मग हळूच कात्री माझ्या हातात द्यायची. "ऑक्टोबरला लाड करायचे, काडी लांब ठेवायची, घड द्यायचाय तिला. एप्रिलला माया नको. एकेक डोळा ठेव, बाकी खरडून काढ." तिची टोळी माझ्या शाळेच्या शेवटच्या एप्रिलला भाताच्या कामासाठी परत निघाली, तेव्हा कात्री माझ्या दप्तरात होती. तिनेच घातली होती.

न्यूझीलंडला जून-जुलै म्हणजे कडाक्याची थंडी. एकही पान नसलेल्या वेली मी पहिल्यांदाच पाहिल्या आणि घाबरायच्या ऐवजी माझे हात शिवशिवायला लागले. सगळे डोळे उघडे, मोजून घ्या! कॅरन नावाच्या सुपरवायझरने बागेत कामाला आलेल्या आम्हा प्रत्येकाला अर्धी ओळ दिली. ज्याची बरोबर, तो छाटणीच्या टोळीत, बाकीचे पॅकिंगच्या शेडमध्ये. मला नानांची सावली आठवली. पेट्याही आठवल्या.

मी सुटलेच. प्रत्येक काडी सातव्या-आठव्या डोळ्यावर, एकसारखी, स्वच्छ. सगळ्यांच्या आधी माझी ओळ संपली. कॅरन आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हसली. "सुंदर आहे. पण तू काही काढलंच नाहीस."

खरंच. प्रत्येक वेलीवर तीस-पस्तीस काड्या होत्या, तेवढ्याच राहिल्या होत्या, फक्त आखूड होऊन. तिने शेजारची झालेली वेल दाखवली: चार लांब काड्या आणि बुंध्याशी दोन आखूड खुंट. बाकी सगळं जमिनीवर. इतक्या निर्दयपणे तर आपण फक्त एप्रिलमध्ये...

एप्रिल! मैत्रिणींनो, तो क्षण मी तुम्हाला कसा सांगू? इथे वेल वर्षातून एकदाच छाटतात. त्या लांब काड्या म्हणजे ऑक्टोबर, या हंगामाचे घड. ते खुंट म्हणजे एप्रिल, पुढच्या वर्षीच्या काड्या. आपल्या दोन्ही छाटण्या एकाच वेलीवर, एकाच दिवशी! मी न विचारता परत ओळीच्या सुरुवातीला गेले. जी शाळेत हात वर करायला घाबरायची, तीच मी. चार काड्यांचे लाड, दोन खुंट, बाकी माया नको. तारांत अडकलेल्या काड्या ओढून काढताना मी मोठ्याने हसत होते.

कॅरनने ओळ पाहिली, मग कात्री पाहिली. "सोमवारी सातला ये," एवढंच म्हणाली.

फोनकार्ड खरवडून मी घरी फोन लावला आणि नानांना सगळं सांगून टाकलं.

"कात्री कुणाची?"

"पारूमावशीची."

"तरीच म्हटलं टोकाची ओळ दरसाल इतकी चांगली कशी फुटते. मी तिला शाबासकी द्यायचो. घ्यायची बी ती, हसत."

त्याला आता तीन वर्षं झाली. इथे जुलैत कात्रीला धार लावते, तेव्हाच माझ्या मनात तिकडचा ऑक्टोबर सुरू होतो. पूर्वी घर म्हटलं की ओटा, आई, चौफुली आठवायची. आता बाग आठवते, आणि तिच्यात उभी असलेली मी.

परवा दुपारी नानांचा फोन आला. बागेतूनच, मागे टोळीच्या कात्र्या वाजत होत्या आणि कुणीतरी ओरडलं, "मॅडमला माझा रामराम सांगा!"

"लय ढगाळ गेलं औंदा," नाना म्हणाले. "काडी पिकली नाय नीट. पारू सातवर म्हणते, मी नववर." मग म्हणाले, "तू सांग. कितव्या डोळ्यावर घेऊ?"

मी विचारलं, "गाठीजवळ काडी कापून बघितली का? आतला गाभा तपकिरी झालाय की अजून हिरवाच आहे?"

"थांब," नाना म्हणाले. "बघून सांगतो."

मी थांबले.