कुरडयांचा सोऱ्या आणि तुमच्या आईची मुलाखत

शेजारच्या गच्चीवरून आज गव्हाच्या चिकाचा आंबूस वास आला आणि तुमची आई नवी सून म्हणून अमरावतीला आली तो उन्हाळा आठवला. अकोल्याच्या मुलाखतीत तिला नकार मिळाला होता. प्रोग्राम लिहिताना फंक्शन सुटं कधी ठेवायचं आणि मेथड म्हणून एखाद्या ऑब्जेक्टच्या स्वाधीन कधी करायचं, हे तिला सांगता आलं नव्हतं. दुसरी मुलाखत त्या दुपारी फोनवर होती. सकाळी गल्लीभर फिरणारा आमचा सोऱ्या घेऊन आम्ही दोघी शेजारणीकडे कुरडया घालायला गेलो. आधणाजवळ उभी राहून तिनं मला विचारलं, "आई, यांच्याकडे मीठ किती घालतात?" शेजारीणच म्हणाली, "त्याईले काहून विचारून राहिली? सोऱ्या कोणाच्याबी चिकाले चालते, पण माह्या घरचं मीठ मलेच ठाऊक." तुमची आई माझ्याकडे वळली. "आई, सोऱ्या म्हणजे फंक्शन," ती हळूच म्हणाली, "आणि घर म्हणजे ऑब्जेक्ट; मीठ ही ज्या त्या घरची मेथड." दुपारी मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा तिनं हेच सांगितलं आणि फोनमधून त्यांचं मोकळं हसू आम्हाला ऐकू आलं. ती नोकरी तिला मिळाली. त्याच नोकरीनं पुढे तुम्हा सगळ्यांना माझ्यापासून इतकं दूर नेलं. तरी त्या संध्याकाळी गल्लीत पेढे मीच वाटले होते, आणि आजही वाटले असते.