दुसऱ्या बॅचचा तोल

"आ शुं छे, बेन?"

डॉक्टरांनी दोन कागद माझ्यापुढे सरकवले. एरवी ते माझ्याशी हिंदीत बोलतात. गुजरातीत आले की समजायचं, कुठंतरी चुकलंय.

पहिला कागद पहिल्या बॅचचा होता. या बायका गेले अडीच महिने माझ्याकडे व्यायाम करत होत्या. एका पायावर उभं राहायचा त्यांचा वेळ चांगला वाढला होता. दुसरा कागद दुसऱ्या बॅचचा. त्यांचा वेळसुद्धा जवळजवळ तेवढाच वाढला होता.

"दूसरी बैच ने कसरत कब शुरू की?"

"अभी तक नहीं की, सर. अगले महीने से है."

"तो फिर ये सब बगुला कैसे बन गईं?"

मी दोन्ही कागदांवरची नावं पुन्हा वाचली. पुढच्या मंगळवारी ट्रस्टींची मीटिंग होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुरतेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं काम करते. शहरातल्या गोडादरा या वस्तीत साठीच्या पुढच्या बायकांना तोल सांभाळायचे व्यायाम शिकवायचे, असं आमचं ठरलं होतं. बहुतेक जणी खानदेशातल्या. घरची माणसं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. ह्यांचा जन्म मांडी घालून साड्यांवर टिकल्या लावण्यात गेलेला. उठताना भिंत लागते, न्हाणीत जाताना कडी धरावी लागते.

मला रस होता तो पडझडीत. डॉक्टरांना रस होता रक्तवाहिन्यांत. रक्तवाहिनी परकराच्या इलॅस्टिकसारखी असते. नवी असताना हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ताणते आणि परत जागेवर येते. वय झालं, बीपी राहिलं, की ती कडक होते. तोलाचे व्यायाम करताना पोटऱ्या सतत काम करतात, पायांतलं रक्त वर ढकलतात. त्याचा वाहिन्यांना काही फायदा होतो का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. होतोच असं त्यांनी कधी म्हटलं नाही. बघूया, म्हणाले.

त्यासाठी एक मशीन होतं. बाईला आडवं करायचं, दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधायचे. नाडीची लाट किती वेगानं पळते ते मशीन सांगतं. वाहिनी कडक असेल तर लाट जास्त वेगानं पळते, म्हणजे वेग कमी तेवढं बरं. हे मी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. तरी पहिल्या बॅचमधल्या सखूबाई, ज्यांना सगळी गल्ली जिजी म्हणते, बाहेर जाऊन सांगत होत्या, "मनीच सगळ्यास्मा फास्ट उनी." मग सगळ्याजणींना फास्ट हवं होतं. ते निस्तरण्यात माझा एक तास गेला.

प्रोग्रॅम पुढे चालू ठेवायचा तर ट्रस्टची अट एवढीच होती, की आधी फरक दाखवा. म्हणून आम्ही चाळीस बायकांची नावं घेतली आणि चिठ्ठ्या काढल्या. वीस जणी पहिल्या बॅचमध्ये. उरलेल्या वीस जणींनी तीन महिने थांबायचं, मग त्यांचा नंबर. तोपर्यंत त्यांनी काही करायचं नाही, हेच त्यांचं काम. दोन्हींचं माप घ्यायचं आणि शेजारी शेजारी ठेवायचं.

आता शेजारी ठेवलं तर दोन्ही सारखंच दिसत होतं.

"मशीन चेक करो," डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, "और अपना लिखा हुआ भी."

दुसरं वाक्य मला लागलं. पण विचारणं बरोबर होतं. मी दोन दिवस सगळं तपासलं. पट्टे ठीक होते. कागदांची अदलाबदल झाली नव्हती. स्टॉपवॉच माझंच, दोन्ही बॅचला तेच. एका पायावर उभं राहायची परीक्षा मी स्वतः घेतली होती. दुसऱ्या बॅचमधल्या निर्मलाबाईंचं मला चांगलं आठवत होतं. पहिल्या वेळी त्यांनी चौथ्या सेकंदाला खुर्ची धरली होती. या वेळी पंधरा सेकंद उभ्या राहिल्या आणि वर माझ्याकडे बघून हसल्या. तेव्हाच मला विचारायला हवं होतं.

दुसऱ्या बॅचमधल्या पाच जणी तिथून लांब, बमरोलीत राहायच्या. बाकीच्या सगळ्या गोडादऱ्यात. मी बमरोलीच्या पाच जणींचे आकडे वेगळे काढले. ते होते तिथंच होते.

गुरुवारी दुपारी मी न सांगता गोडादऱ्याला गेले. गुरुवार माझ्या क्लासचा वार नव्हता.

सोसायटीच्या मागच्या बाजूला फरशी घातलेली मोकळी जागा आहे. तिथं चौदा-पंधरा बायका फरशीच्या सांध्यावरून एकीमागे एक चालत होत्या. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत. सगळ्या दुसऱ्या बॅचच्या. प्रत्येकीच्या मागे एक सून नाहीतर शेजारीण, हात पुढे करून. ज्यांचं बीपी जास्त, त्यांना भिंतीकडेची रांग. आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर जिजी.

"पायकडे देखू नका. पाय कोठे पळी नही जात. समोर देखा."

हे माझं वाक्य होतं. फक्त अहिराणीत.

मला बघून रांग थांबली. निर्मलाबाईंनी पटकन भिंत धरली. त्या जिजींच्या धाकट्या जाऊ. दोघी एकाच घरात राहतात, दोन खोल्यांत. चिठ्ठी निघाली तेव्हा जिजी पहिल्या बॅचमध्ये गेल्या आणि निर्मलाबाई दुसऱ्या.

"जिजी, हे काय चाललंय? यांना थांबायला सांगितलं होतं ना?"

जिजी खुर्चीवरून उठल्या. हात न टेकता उठल्या, हे माझ्या लक्षात आलं.

"ताई, चिठ्ठी तुम्ही काढी. घर आमनं एकच शे."

"पण तीन महिन्यांचा तर प्रश्न होता."

"निर्मला हिवाळामा न्हानीमा पडनी व्हती. मनगट मोडं. आते परत पडनी तर तिले मालेच उचलनं पडी. मना गुडघा तिले उचलाना शेत का?"

मी बाकीच्यांकडे बघितलं. "आणि या सगळ्या?"

"त्या देखाले उन्यात," जिजी म्हणाल्या. "मंग त्यास्ले काय, नुसतं बसाडू?"

निर्मलाबाईंनी हळूच विचारलं, "ताई, बंद करू का?"

माप जपायचं तर "हो, बंद करा" म्हणायला हवं होतं. पण बावीस वर्षांत मी कुठल्याच पडलेल्या बाईला व्यायाम बंद करा असं सांगितलेलं नाही. आणि त्या बरोबर करत होत्या. जिजींनी कोणाला भिंतीशी ठेवायचं तेही बरोबर ठरवलं होतं.

"बंद नका करू," मी म्हटलं. "फक्त डोळे मिटून काही करू नका. ते मी शिकवीन."

शुक्रवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बमरोलीवाली पाँच हैं न. उन्हीं को दिखाते हैं."

"और बाकी पंद्रह?"

"ड्रॉप-आउट लिख दो."

ड्रॉप-आउट म्हणजे मधेच सोडून गेलेले. मी म्हटलं, "सर, त्या सोडून गेल्या नाहीत. त्या रोज येत होत्या. फक्त आपल्याकडे नाही." हे मराठीतच तोंडातून निघालं. डॉक्टरांना मराठी समजतं. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा समोर ओढले. या मशीनसाठी त्यांनी दोन वर्षं ट्रस्टच्या मागे लागून वाट पाहिली होती, हे मला माहीत होतं.

"ठीक छे," शेवटी म्हणाले. "साचुं ज कहीशुं." म्हणजे खरं तेच सांगू.

मंगळवारी त्यांनी ते सांगितलंही. पहिल्या बॅचमधल्या काही जणींच्या वाहिन्या थोड्या सैल दिसत होत्या, काहींच्या जशाच्या तशा. पण तुलनेला ठेवलेली बॅचच जिजींकडे व्यायाम करत होती, त्यामुळे ते कशानं झालं हे सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आणि खाली बसले. मला वाटलं, संपलं.

ट्रस्टींमध्ये एक सविताबेन आहेत, पंचाहत्तरीच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आपने कितनों को सिखाया?"

"बीस."

"हफ्ते में?"

"तीन दिन."

"और वो जिजी ने?"

"पंद्रह. रोज़."

"तो इसमें रुकने जैसा क्या है?"

प्रोग्रॅम चालू राहिला. जिजी आणि आणखी दोघींना मी दोन आठवडे नीट शिकवायचं, बीपी मोजायला शिकवायचं, आणि मग गोडादऱ्याचा क्लास त्यांनी चालवायचा. मी महिन्यातून एकदा जाऊन बघायचं. म्हणजे खरं बोलल्याचं फळ असं, की गोडादऱ्याला माझी फारशी गरज उरली नाही.

डॉक्टरांनी मशीनची आशा सोडलेली नाही. आता शहराबाहेर कामरेजला नवीन सुरुवात आहे. या वेळी चिठ्ठीत बायकांची नावं घालायची नाहीत असं मी आधीच सांगितलं. एक पूर्ण वस्ती आधी, दुसरी पूर्ण वस्ती नंतर. दोन्हींच्या मध्ये हायवे आहे. डॉक्टर खूश होते. हायवे ओलांडून कोण शिकवायला जाणार, म्हणाले.

माणसांना थांबायला सांगायचं असेल तर आधी ती कुणाबरोबर राहतात ते विचारावं, एवढं मी शिकले. म्हणून फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: पलीकडच्या वस्तीत तुमची जाऊ, बहीण किंवा विहीण राहते का?

पहिल्याच दिवशी अकरा जणींनी 'हो' लिहिलं.